चीजच्या टेबलावरचा लेप

मित्रांनो, या पृथ्वीतलावर आजवर जेवढे शूरवीर होऊन गेले, त्या सगळ्यांनी मिळून मारले नसतील एवढे शत्रू मी एका सकाळी मारतो. तेही जागचा न हलता, आरडाओरडा न करता आणि रक्ताचा थेंब न सांडता. खरे तर चौकाचौकांत माझे पुतळे उभे राहायला हवे होते. ते राहिले नाहीत, याला कारण एवढेच की मी दिसत नाही. पुतळे घडवणाऱ्याने तरी काय करावे? चबुतरा बांधावा, हार घालावा आणि घरी जावे.

मी एक जुना लेप आहे. चीज बनवणाऱ्या एका कारखान्यात, पॅकिंगच्या खोलीत, खिडकीजवळच्या स्टीलच्या टेबलावर मी राहतो. राहतो म्हणजे पसरलेला आहे. माझी जाडी विचारू नका. तुमच्या डोक्यावरचा एक केस माझ्याशेजारी आडवा ठेवला, तर तो डोंगर आणि मी त्याच्या पायथ्याशी अंथरलेली सतरंजी. लोक माझ्याकडे निरखून पाहतात आणि म्हणतात, टेबल चांगले आहे. जन्मभर माझे कौतुक टेबलाच्या पदरात पडत आले. टेबलानेही कधी "अहो, मी नव्हे, हा" असे म्हटले नाही. पण त्याच्याशी माझे संबंध जवळचे आहेत, त्यामुळे याहून जास्त बोलत नाही.

आमचे घराणे पॉलिमरचे. पॉलिमर म्हणजे सारख्या सारख्या कणांची लांबच लांब साखळी. सहलीला निघालेली मुले एकमेकांचे हात धरून ओळीने चालतात ना, तशी. तुमची बादली, तुमचा कंगवा, तुमचा रेनकोट हे सगळे माझे नातेवाईक. त्यांच्यात आणि माझ्यात फरक असा की माझ्या साखळ्यांचे एक टोक स्टीलला घट्ट धरून असते आणि दुसरे वर मोकळे असते. त्या मोकळ्या टोकांवर धन विद्युतभार, आणि जंतूंच्या अंगावर ऋण. त्यामुळे जंतू आपण होऊन माझ्याकडे ओढला जातो, ऐटीत माझ्यावर बसतो आणि त्याच्या पातळ कातडीला भोक पडते. संपले. मी विष ओकत नाही, माझ्यातून काही सुटून चीजमध्ये उतरत नाही. नुसते बसून काम न करणारे मी पुष्कळ पाहिले. नुसते बसून एवढे काम करणारा मी एकटाच.

अट एकच. जंतू माझ्या अंगाला लागला पाहिजे. मध्ये तेलाचा तवंग आला, दुधाचा थर वाळला, काहीही आडवे आले, की मी आंधळा. मित्रांनो, ही अट ध्यानात ठेवा. माझ्या आयुष्यातले सगळे हाल तिच्यापायी झाले.

मला जिने घडवले तिला प्रयोगशाळेत सगळे 'बाई' म्हणत. बाई उंचीने बेताच्या, बोलण्याने मोजक्या, आणि चिकाटी अशी की माझ्यासारख्या चिकटायच्या धंद्यातल्या माणसानेही मान खाली घालावी. त्यांनी या कामाचा ध्यास का घेतला, ते मला त्यांच्याकडूनच कळले. बाईंना काम करताना बोलायची सवय होती. बोलायच्या स्वतःशीच, पण तोंड माझ्याकडे असायचे, तेव्हा मी ते माझ्याशीच बोलणे धरून चालतो.

त्यांच्या लहानपणी त्यांच्या आत्याने एकदा सगळ्या नातेवाइकांना जेवायला बोलावले होते. जेवणात मऊ चीज होते. रात्रीपर्यंत मंडळी आडवी झाली. कुणी दगावले नाही, पण आत्याच्या हाताला जो ठपका लागला तो निघेना. त्यानंतर आत्याकडे जायचे ठरले की प्रत्येकजण घरून जेवून निघायचा. आत्या पाने वाढायची, आणि आग्रह केला की सगळ्यांना एकदम आठवायचे की पोट भरलेले आहे. बिचारीने केले काय होते, तर पाकीट उघडले होते. दोष कुठल्या तरी लांबच्या कारखान्यातल्या टेबलाचा होता, पण टेबलाला कोण नावे ठेवणार? ते नात्यातले नव्हते. बाई मोठ्या झाल्या, शिकल्या आणि त्या टेबलाच्या मागे लागल्या.

मी काही पहिल्या फटक्यात जमलो नाही. माझ्या आधी माझी कितीतरी भावंडे होऊन गेली. एक जंतूंना उत्तम मारायचे, पण गरम पाणी पाहिले की टेबल सोडून मोरीत निघून जायचे. एक इतके चिकट निघाले की जंतूंबरोबर बाईंचा हातमोजाही अडकला. तो अजून तिथेच आहे, असे म्हणतात. एकाला असा वास यायचा की शेजारच्या विभागाने खोली बदलून मागितली, आणि ती त्यांना मिळाली. बाईंनी कशावरच हात आपटले नाहीत. फसलेल्या प्रत्येक लेपाला त्या "बरं, तुझं काय बिनसलं?" असे विचारायच्या आणि मग खरोखर उत्तराची वाट पाहायच्या. माझ्या पाहण्यात एवढ्या आदराने फसणारे दुसरे कुणी नाही.

शेवटी मी जमलो. प्रयोगशाळेत मी असा काही पराक्रम केला की बाईंच्या वरच्या साहेबांनी मला एका खऱ्या कारखान्यात पाठवायची परवानगी दिली. साहेब सज्जन होते, पण हिशेबी. त्यांनी आधीच सांगून ठेवले होते की कारखान्यातल्या तपासण्यांमध्ये लेप उतरला तर पुढचे काम, आणि नाही उतरला तर हा विभाग बंद, बाईंनी खिडक्यांच्या रंगाचे काम बघायचे. बाईंची सारी वर्षे, आत्यावरचा तो जुना ठपका, सगळे त्या दिवशी माझ्या अंगावर येऊन पडले. आणि माझे अंग किती जाड, ते तुम्हाला सांगितलेच आहे.

पॅकिंगच्या खोलीत दोन टेबले होती. खिडकीजवळच्यावर मला फवारले, दिव्यांच्या उष्णतेखाली पक्के केले. दाराजवळचे तसेच उघडे ठेवले. दोन्हींवर सारखेच चीज कापायचे, सारखीच पाकिटे भरायची, आणि मधूनमधून बाई येऊन कापसाची काडी दोन्ही टेबलांवरून फिरवणार, ती काचेच्या ताटलीत उमटवणार. जिथे जंतू असेल तिथे काही दिवसांनी ठिपका उगवतो. ज्याच्या ताटलीत ठिपके कमी, तो जिंकला. दाराजवळच्या टेबलाबद्दल मला मनातून कणव वाटत होती. बिचारे उघडे टेबल, माझ्यापुढे त्याचा काय टिकाव लागणार.

त्या खोलीचे मुकादम म्हणजे कव्हरकाका. हे नाव त्यांच्या पाठीमागे घेत, पण ते त्यांना माहीत होते आणि आवडतही होते. काकांच्या स्कूटरच्या सीटला कव्हर होते आणि ते मळू नये म्हणून त्याला आणखी एक कव्हर होते. चष्मा डबीत, डबी पिशवीत, पिशवी बॅगेत. चष्मा बाहेर निघेपर्यंत वाचायचा कागद घेऊन आलेला माणूस निघून गेलेला असायचा. त्यांच्या बायकोने एकदा शेजारणीला सांगितले होते म्हणे, की आमच्याकडे सोफा आहे असे ऐकून आहे, मी अजून त्यावर बसले नाही, कव्हरवर बसते. पण मित्रांनो, हसू नका. काकांच्या खोलीतले एकही यंत्र कधी बिघडून पडले नव्हते. वस्तूवर जीव लावणारा माणूस होता तो.

बाईंनी त्यांना मी कोण, काय करतो, ते नीट समजावले. काकांनी हात मागे बांधून ऐकले आणि शेवटी एकच विचारले, "महाग असेल?" बाई म्हणाल्या, फार. झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी काका बगलेत गुंडाळी घेऊन आले. उत्तम प्रतीचे, जाड, पारदर्शक प्लास्टिक. त्यांनी ते माझ्यावर पसरले, सुरकुत्या हाताने सारख्या केल्या, कडा टेबलाखाली दुमडून चिकटपट्टीने बसवल्या. दोन पावले मागे जाऊन पाहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर असे समाधान उमटले, की क्षणभर मलाही बरे वाटले.

क्षणभरच. मग माझ्या लक्षात आले की जंतूंपासून टेबल वाचवण्यासाठी मी, आणि वापरापासून मला वाचवण्यासाठी प्लास्टिक. आता माझ्या वाट्याला जंतू येणार कुठून?

मला बोंब मारता आली असती तर मारली असती. पण लेपाला तोंड नसते. वर चीज कापले जात होते, पाकिटे भरली जात होती, जंतू प्लास्टिकवर सुखाने संसार थाटत होते, आणि त्यांचा कर्दनकाळ खाली निजवून ठेवलेला होता.

मग आल्या मावशी. खोली धुण्याचे काम त्यांच्याकडे होते. ब्रश, साबण, गरम पाणी आणि जीभ या चारही गोष्टी त्या सारख्याच जोरात चालवायच्या. न दिसणारा लेप लावला आहे, हे त्यांच्या कानावर आले होते आणि त्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांनी टेबलाकडे पाहिले, प्लास्टिक पाहिले, बोटाने चाचपले आणि त्यांना उलगडा झाला. हाच तो लेप! त्या दिवशी त्यांनी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगितले की न दिसणारा बिणारा काही नाही, चांगला दिसतो, बाजारात मीटरवर मिळतो, आणि एवढे शिकून सवरून बाईंनी अखेर प्लास्टिकचा शोध लावला. मंडळी पोट धरून हसली. काकांना मात्र हे काही कळले नाही, कारण जेवताना ते आपला डबा तीन फडक्यांतून सोडवत बसलेले असत.

मावशी रोज ते प्लास्टिक घासून चकचकीत करायच्या. मी खालून त्यांचा ब्रश पाहायचो. काय तो हात! कोपऱ्यापासून सुरुवात, कडेकडेने फिरून मध्ये यायचे, एक बोटभर जागा सुटायची नाही. उपाशी माणसाने खिडकीतून शेजारच्या घरातली पंगत बघावी, तसा मी त्यांचे घासणे बघत राही. माझ्यापर्यंत काही पोचत नसे. प्लास्टिक उचलून खालून पुसायची मात्र काकांची सक्त मनाई होती. साबणाने लेप झिजेल, असे त्यांचे म्हणणे.

आता चीजमधून पिवळसर पाणी पाझरते, त्याला निवळी म्हणतात. निवळीला कुठेही वाट सापडते. ती कडेच्या चिकटपट्टीखालून हळूच आत शिरली, माझ्या अंगावर पसरली, वाळली, पुन्हा आली, पुन्हा वाळली. ऊब होती, ओल होती, खायला होते, आणि वर पांघरूण. जंतूंना आणखी काय हवे? माझ्या अंगाला लागला तो पहिला थर मी गारद केला. पण मेलेल्यांवर निवळी वाळली, आणि तिच्यावर जे येऊन बसले त्यांच्यापर्यंत माझे हात पोचेनात. काही दिवसांनी आंबट वास सुटला. काकांनी नाक जवळ आणून हुंगले आणि पसंतीची मान हलवली. घाम गाळून काम करणाऱ्याला वास येतोच, असे त्यांचे मत दिसले.

आणि बाईंना हे दिसले कसे नाही? मित्रांनो, इथेच तर खरी गोम होती. बाई यायच्या त्या दिवशी फाटकावरून फोन यायचा, आणि फोन आला की काका लगबगीने कव्हर काढून घडी करून कपाटात ठेवायचे, कोरड्या फडक्याने माझ्यावरची ओल टिपायचे आणि दाराशी जाऊन उभे राहायचे. वाळलेला पातळ थर डोळ्यांना दिसत नसे, आणि आंबट वास तर चीजच्या खोलीत असायचाच. पाहुणे आले की चांगल्या वस्तूवरचे कव्हर काढायचे, ही रीत त्यांना घरूनच होती. मावशींची पाळी तेव्हा संपलेली असायची. बाई यायच्या, मला उघडा पाहायच्या, कापसाची काडी फिरवायच्या आणि निघून जायच्या. त्यांच्या पाठोपाठ कव्हर परत माझ्यावर.

पहिल्या तपासणीत माझ्या ताटलीत ठिपक्यांची गर्दी झाली. त्या बिचाऱ्या उघड्या टेबलाची ताटली माझ्यापेक्षा कितीतरी साफ होती. साहजिकच आहे, त्याच्यावर रोज मावशींचा ब्रश फिरत होता. बाईंना वाटले, काही चूक झाली असेल. दुसऱ्या वेळी गर्दी वाढली. आता माझी ताटली म्हणजे यात्राच होती.

त्यानंतर बाई एकदा नुसत्याच आल्या. मला हात लावून बराच वेळ उभ्या राहिल्या. "बरं, तुझं काय बिनसलं?" त्यांनी विचारले. नेहमीसारखे विचारले, पण आवाज नेहमीचा नव्हता. मी उत्तर देऊ शकत नव्हतो, आणि उत्तर तर त्यांच्या मागे कपाटात घडी घालून ठेवलेले होते. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. पलीकडचे शब्द मला ऐकू आले नाहीत, पण बाई "हो", "समजलं", "शेवटची" एवढेच म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी मला सांगितले की पुढची तपासणी शेवटची, आणि खिडक्यांचे रंगही तसे चांगलेच असतात. हे सांगताना त्या खिडकीकडे पाहत होत्या. खिडकीला पांढरा रंग होता. त्यात चांगले वाईट काय असणार?

शेवटच्या तपासणीचा दिवस आला. फाटकावरून फोन, कव्हर कपाटात, कोरडे फडके, काका दाराशी. बाईंनी काड्या फिरवल्या, कुप्यांत घातल्या, पिशवी खांद्याला लावली आणि काकांचे आभार मानून गेल्या. काका परत आले, कपाट उघडले, कव्हर झटकून माझ्यावर अंथरले आणि चिकटपट्टी लावायला वाकले.

बाईंचा चष्मा खिडकीच्या कट्ट्यावर राहिला होता. त्या तो घ्यायला परत आल्या, आणि आता त्या आतच होत्या म्हणून फाटकावरून फोन आला नाही.

दारात त्या थबकल्या. काका दातांत चिकटपट्टी धरून कोपरा बसवत होते.

"हे काय आहे, काका?"

"कव्हर." काकांनी चिकटपट्टी तोंडातून काढली. "चष्मा राहिला ना तुमचा? डबीत ठेवत जा."

"कधीपासून आहे हे?"

"लेप लावला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. एक ओरखडा नाही बघा."

"आणि मी येते तेव्हा?"

"आता तुमच्यासमोर कव्हर ठेवून कसं चालेल, बाई? तेवढं कळतं आम्हाला."

बाईंनी जवळचा रिकामा क्रेट उपडा केला आणि त्यावर बसल्या. त्यांचे खांदे हलायला लागले. काका घाबरले. त्यांना वाटले बाई रडताहेत, आणि त्या रडतही होत्या, पण हसूही येत होते, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे त्यांना धड काहीच जमत नव्हते. मग त्यांनी उठून कव्हराचा कोपरा सोडवला, ते पूर्ण उलटे केले आणि त्याची खालची बाजू काकांना दाखवली. पिवळट, बुळबुळीत थर होता. काकांनी बोट लावले. बोटाकडे पाहिले. बाईंनी त्यांना शांतपणे सांगितले की जंतू लेपाला लागला तरच मरतो, आणि मध्ये पडदा आला की लेप असून नसल्यासारखा.

वर्षानुवर्षे एकही यंत्र बिघडू न दिलेला तो माणूस भिंतीला टेकला. "म्हणजे मीच तुमचं वाटोळं केलं," ते म्हणाले. "मग जपायचं तरी कसं हो याला?"

"धुवून," बाई म्हणाल्या. "रोज, साबणानं, मावशी दुसरं टेबल धुतात तसंच. आणि वापरून. हा झिजला तर मी परत लावीन. त्यासाठीच आहे मी."

मित्रांनो, मी आजवर खूप मोठमोठी माणसे या खोलीतून जाताना पाहिली. पण हातातले सगळे निसटत असताना, ज्याच्यामुळे निसटले त्याला असे उत्तर देणारे माणूस मी दुसरे पाहिले नाही.

मग त्यांनी तिथूनच साहेबांना फोन लावला. पिशवीतल्या काड्या कव्हराखालच्या आहेत, तुम्ही म्हणाल तर त्याही तपासते, पण मला आणखी एक तपासणी हवी, असे सांगितले. साहेबांनी काहीतरी ऐकवले असावे, कारण बाई म्हणाल्या, "सबब नाही, साहेब. लेपावर कव्हर घातलं होतं. जपायला." यावर पलीकडे शांतता पसरली. ती इतकी लांबली की फोन बंद पडला की काय म्हणून बाईंनी तो कानापासून दूर धरून पाहिला, आणि म्हणून साहेबांचे पुढचे शब्द आम्हाला सगळ्यांना ऐकू आले.

"आमच्या रिमोटला आहे," साहेब हळूच म्हणाले. आणि तपासणी मिळाली.

दुसऱ्या दिवशी काकांनी मावशींना बोलावून सांगितले की आजपासून हे टेबलही घासायचे. मावशींनी कमरेवर हात ठेवून उघड्या स्टीलकडे पाहिले.

"लेप कुठे गेला?"

"हा काय. हाच लेप. दिसत नाही तो."

"मग मी इतके दिवस काय घासलं?"

"कव्हर."

मावशींनी जरा विचार केला. "तरीच स्वच्छ होतं," त्या म्हणाल्या आणि ब्रश उचलला.

अहाहा, मित्रांनो! तो पहिला ब्रश मी कधी विसरणार नाही. गरम पाणी, साबण, आणि मावशींचा हात. वाळलेल्या निवळीचे एकेक पापुद्रे निघाले आणि माझी टोके पुन्हा मोकळी झाली. पाणी ओसरले, स्टील वाळले, नवे जंतू टेबल साफ बघून खुशाल उतरले, आणि मी कामाला लागलो. तेव्हा मला कळले की आजवर मी ज्याला माझा पराक्रम म्हणत होतो, त्यातला अर्धा तर ब्रशचा आहे. ब्रश ढीग उपसतो, मी उरलेसुरले पाहतो. तो नसेल तर मी मातीत पुरलेली तलवार.

काकांचे मात्र हाल झाले. पहिल्यांदा माझ्यावर सुरी ठेवली गेली तेव्हा त्यांनी तोंड फिरवले. पाकिटांचा ढीग सरकवला की त्यांच्या अंगावर काटा यायचा. पण त्यांनी कव्हर परत आणले नाही. हात शिवशिवले की ते कपाटाकडे जायचे, उघडायचे, बंद करायचे आणि परत यायचे. शूरपणा मी पुष्कळ पाहिला. हा त्यातला वरच्या दर्जाचा.

ती मागून घेतलेली तपासणी झाली. ताटल्या उघडायच्या दिवशी बाई त्या घेऊन कारखान्यातच आल्या, कारण काकांनी तसा निरोप धाडला होता की नाहीतर मला झोप लागायची नाही. दाराजवळच्या टेबलाच्या ताटलीत ठिपके विखुरलेले होते. माझी ताटली काकांनी उजेडाकडे धरली, तिरकी केली, चष्मा हवा म्हणाले, चष्मा निघेपर्यंत सगळे थांबले. चष्मा लावून त्यांनी कोपऱ्यातले तुरळक ठिपके मोजले, परत मोजले, आणि पुढचे मोजायला काही सापडेना म्हणून खाली ठेवली. बाईंनी तळहात माझ्यावर सपाट टेकवला आणि तसाच ठेवला. त्या वेळी माझ्या सगळ्या टोकांना जे वाटले, ते विद्युतभाराच्या हिशेबात बसत नाही.

विभाग राहिला. दाराजवळच्या टेबलालाही लेप मिळाला. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाही. आणि बाईंनी माझ्यावर कापलेल्या चीजचे एक पाकीट विकत घेऊन आत्याच्या घरी नेले, सगळ्या नातेवाइकांना बोलावले आणि पाकीट आत्यालाच उघडायला लावले. बाई सांगत होत्या, सगळ्यांनी आधी बाईंकडे पाहिले, मग एकमेकांकडे, मग खाल्ले. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आत्याने एकेकाला फोन करून पोट कसे आहे ते विचारले, आणि सगळ्यांची पोटे ठीक आहेत हे कळल्यावर पुढच्या आठवड्याचे आमंत्रण देऊन टाकले. आता जायचे टाळायला कुणाकडे निमित्तच उरले नाही, अशी तक्रार आहे.

या गोष्टीला बरीच वर्षे झाली. काका निवृत्त झाले. निरोपाला मिळालेले घड्याळ त्यांनी ते ज्या खोक्यात आले त्याच खोक्यात ठेवले आहे म्हणे. मावशींच्या जागी त्यांची सून आली आहे. हात तोच, जीभ थोडी सौम्य. माझ्यावरून किती चीज गेले याचा मी हिशेब ठेवला नाही. जिथे सुरी जास्त चालते, पाकिटे जास्त सरकतात, तिथे मध्यभागी मी विरळ झालो आहे. मागच्या खेपेला बाईंनी विजेरीच्या उजेडात मला तपासले. त्यांचे केस आता पिकले आहेत. त्या म्हणाल्या, दमलास, आता नवा लावू. मला वाईट वाटले नाही. थोडे वाटले. झिजणे म्हणजे कुणाच्या तरी उपयोगी पडल्याची खूण, एवढे मला कव्हराखालच्या त्या दिवसांनी शिकवून ठेवले आहे. तेव्हा माझ्या अंगावर एक ओरखडा नव्हता आणि माझ्याइतका निरुपयोगी पदार्थ त्या कारखान्यात दुसरा नव्हता.

म्हणून मित्रांनो, जाता जाता माझे एवढे ऐका. ज्या वस्तूवर जीव आहे, ती झाकून ठेवू नका, वापरा. वापरा आणि धुवा. लेप आहे म्हणून साबणाला रजा देऊ नका. जे दिसत नाहीत असे शत्रू आहेत, तसे जे दिसत नाहीत असे मित्रही आहेत, आणि त्यांना तुमचा हात लागतो. विज्ञान कितीही पुढे गेले, मानवजातीने तारे पादाक्रांत केले, तरी ब्रश हातात धरणाऱ्या माणसाला कधी...

जरा थांबा. ऐकता ऐकता तुमच्यापैकी कुणीतरी माझ्यावर कोपर टेकले आहे. तेवढे उचला.